खुंटीवरची टोकनं

आमच्या घरात हात आधी उठतो आणि तोंड मागाहून उघडतं. बाबांचं तसं, दादाचं तसं आणि माझंही तसंच. आईनं मात्र कधी कोणावर हात उचलला नाही, तिनं नुसता मार खाल्ला. कोणाला कीव यावी म्हणून हे लिहीत नाहीये. चार वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुट्टीत शेतावर जे झालं ते सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

शेत नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडला की नागपूर रस्त्यापासून आत आहे, पाच एकर. बाबा फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन होते, तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत. रिटायर झाल्यावर शहरात, विजय नगरात आमच्या जवळ फ्लॅट घ्या म्हणून आम्ही घसा कोरडा केला, पण त्यांनी शेत घेतलं, त्यावर दोन खोल्या बांधल्या आणि आईला घेऊन तिथंच राहायला गेले. थंडीत तिथं मटार असतो. मी शाळेत शिकवते, नवरा रेल्वेत, त्याला सुट्टी म्हणजे काय ते माहीत नाही. त्यामुळे डिसेंबरात शाळेला सुट्टी लागली की मी आणि माझी पोरगी, आम्ही दोघीच आठ दिवस शेतावर जातो. ती तेव्हा अकराची होती.

त्या वर्षी दादाही आला होता, नागपूरहून, तीन वर्षांनी. तीन वर्षांपूर्वी बाबा आईला मारत असताना तो मध्ये पडला आणि त्यानं बाबांचं मनगट असं पिरगाळलं की महिनाभर ते पट्टीत होतं. बाबांनी चालता हो म्हटलं आणि तो चालता झाला. आई तेव्हापासून रोज देवासमोर डोळे पुसायची. शेवटी मीच फोन करकरून त्याला तयार केलं. त्यानं एकच अट घातली. आईवर एकदा जरी हात उचललेला दिसला तरी मी निघून जाईन, आणि मग त्यांच्या मातीलाही येणार नाही. मी ही अट जशीच्या तशी बाबांना ऐकवली. ते पेरूच्या झाडाखाली तार सरळ करत बसले होते. तिचा एक वेढा सरळ केला आणि म्हणाले, बोलव त्याला. मला तेवढंच हवं होतं. बापलेकांनी आठ दिवस एका छपराखाली काढावेत आणि पोरानं पुन्हा येईन म्हणून जावं.

आणि खरं सांगायचं तर बाबांनी शब्द पाळला. पाळताना त्यांचं काय व्हायचं ते दिसत होतं. पहिल्या दिवशी चहात साखर जास्त पडली तर त्यांनी कप भिंतीवर फोडला. दुसऱ्या दिवशी गक्कड, म्हणजे कणकेचे गोळे, निखाऱ्यात करपले तर उठून गोठ्यात गेले आणि म्हशीला काठी तुटेपर्यंत झोडपलं. म्हैस ओरडत होती, आणि आई भरत्यासाठी वांगी सोलत खाली मान घालून बसली होती. पोरगी माझ्याकडे पाहत होती. मी तिला मटार सोलायला लावलं. दादानं माझ्याकडे पाहून खांदे उडवले, म्हणजे म्हशीचं अटीत नव्हतं.

आता तारेचं सांगते. मटारात रानडुकरं घुसतात. एका रात्रीत अर्धा एकर उलथून टाकतात. बाबांनी शेताभोवती उघडी तार फिरवली होती, बांबूच्या खुंट्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तिच्यात थेट लाईनचा करंट सोडायचे. हा गुन्हा आहे हे त्यांना माहीत होतं आणि आजूबाजूचे दोनतीन जण तेच करतात हेही माहीत होतं. पण आजूबाजूचे अडाणी, मी कायद्यानं करतो, असं ते म्हणायचे. त्यांचा कायदा म्हणजे फॅक्टरीचा कायदा. मशीन उघडून कोणी आत काम करत असेल तर तो आपलं टोकन स्विचपाशी टांगतो, आणि ते टोकन तिथं असेपर्यंत साहेबाचा बापही स्विच चालू करू शकत नाही.

तेच त्यांनी शेतावर आणलं. घरातल्या प्रत्येकासाठी पितळेचं एक गोल टोकन कापलं, त्यावर नंबर ठोकला. बाबा एक, आई दोन, दादा तीन (तो येत नव्हता तरी त्याचंही कापलं), मी चार, आणि माझ्या पोरीचं पाच. टोकनं स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीवर असायची. मटारात पाय ठेवायचा तर आधी आपलं टोकन पंपाच्या मोटारघरातल्या बोर्डावर टांगायचं, बाहेर आलं की काढून परत खुंटीवर. तोडणाऱ्या बायका चारला जायच्या, त्यांना बाबा फाटकातून मोजून बाहेर काढायचे. मग साडेपाचला बोर्ड पाहायचा. बोर्ड रिकामा तर शेत रिकामं. स्विच वर. घड्याळात साडेपाच म्हणजे साडेपाच, एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. तीन वर्षं हे चाललं होतं. पोरीला तर खेळच वाटायचा. मलाही, लाज वाटते सांगायला, बाबांचं हे डोकं कौतुकाचं वाटायचं.

बुधवारी सकाळी तारेला डुकरीण चिकटलेली सापडली. पोटुशी होती. पोट फुगून तट्ट झालेलं, थोबाड जळून दात उघडे पडलेले, आणि जळक्या केसांचा वास थेट चुलीपर्यंत येत होता. बाबांनी तिला मागच्या पायांना दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढत नेलं. गव्हावर पडलेल्या दंवात तांबडा पट्टा उमटला. पोरगी ब्रश तोंडात धरून तशीच उभी राहिली आणि मग पेस्ट, फेस सगळं अंगावर ओकली.

दादा ट्रॅक्टरसमोर जाऊन उभा राहिला. उद्या यात माणूस मरेल, म्हणाला. बाबांनी इंजिन बंद न करताच सांगितलं की माझं टोकन आहे, माणूस मरायचा प्रश्नच नाही. दादा म्हणाला की तुमचं टोकन घाला चुलीत, कोणा पोरसोरानं सांजेला बोरं तोडायला हात घातला तर त्याच्या गळ्यात कोणतं टोकन असणार? बाबा खाली उतरले. मग बोलणं संपलं. बाबांनी पाना उचलून त्याच्या खांद्यावर मारला, दादानं त्यांना छातीत ढकललं, ते पाण्याच्या नालीत पाठीवर पडले, उठले, आणि चिखलासकट त्याच्या अंगावर गेले. सत्तरीचा म्हातारा आणि पंचेचाळिशीचा पोरगा. मी दोघांच्या मध्ये घुसले तेव्हा एक ठोसा माझ्या कानावर बसला, कोणाचा ते अजून माहीत नाही. मीही कोणाच्या तरी दंडाला कडकडून चावले. आई लांब उभी राहून नुसतं नका, नका म्हणत होती.

शेवटी दादाच मागं हटला. ओठ फुटला होता. म्हणाला, "आज संध्याकाळी ही तार मी कापून टाकणार."

बाबा चिखल पुसत म्हणाले, "हात तर लावून दाखव."

दादा गाडी घेऊन तिलवाऱ्याला घाटावर निघून गेला. आईनं गाडी जाताना पाहिली. बाबा जेवले नाहीत, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी आईला म्हटलं, आज रात्र जाऊ दे, उद्या मी दोघांना समोरासमोर बसवते. उद्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता, महालक्ष्मीचं उद्यापन. त्या दिवशी घरात कोणी तोंड वाकडं करत नाही, एवढी आशा मला होती.

दादा पाचच्या सुमारास परत आला. तोडलेल्या मटाराच्या बोऱ्यांनी फाटक अडलं होतं म्हणून गाडी बाहेर वळणावरच ठेवली आणि बांधावरून चालत आला. आईला ती गाडी दिसली नाही. मी आणि पोरगी मोटारघराजवळ मटार सोलत होतो. तो समोरून गेला, खिशात बाबांचीच पक्कड. खुंटीवरून आपलं टोकन घेतलं, मोटारघरात शिरला, खिळ्यावर पितळ वाजलेलं मी कानांनी ऐकलं. बापाशी मारामारी करून आलेला माणूस, बापाचीच तार कापायला निघालेला, तरी टोकन टांगून गेला. मी त्याला अडवलं नाही. मलाही ती तार नकोच होती. ऊन गेलं तशा आम्ही परात उचलून अंगणाच्या पुढच्या बाजूला जाऊन बसलो, तिथून मोटारघर दिसत नाही.

साडेपाचला दादाचा आवाज आला. ओरडणं नव्हे, पोटातून हवा बाहेर काढल्यासारखा एक हुंकार, लांबलेला, न थांबणारा. परात माझ्या हातून पडली. मी मोटारघराकडे धावले. बाबा दारातून बाहेर येत होते, त्यांना खांद्यानं बाजूला उडवलं आणि स्विच खाली ओढला. बोर्डाकडे पाहिलं. बोर्ड रिकामा होता.

दादा तारेपासून हातभर लांब पडला होता, डोळे उघडे. उजव्या हाताच्या पंजापासून कोपरापर्यंत कातडी पांढरी, मध्ये काळी. श्वास नव्हता. बाबा माझ्या मागून आले, गुडघ्यावर बसले आणि मुठी आवळून त्याच्या छातीवर हाणायला लागले. फॅक्टरीत तसं शिकवतात म्हणे. मला तेव्हा ते दिसलं नाही. मला दिसलं की हा बाप मेलेल्या पोरालाही मारतो आहे. मी त्यांच्या पाठीत लाथ घातली. ते हलले नाहीत. एक बरगडी मोडल्याचा आवाज आला आणि दादा खोकला. त्यानं शुद्धीत येताना पाहिलं ते बाबांच्या वर उचललेल्या मुठी.

आम्ही त्याला धरून अंगणातल्या खाटेवर आणलं. दातावर दात आपटत होते, तरी तो बोलायचं थांबेना. "तुझ्या कानावर आलं ना मी टोकन लावलेलं? आलं ना? ह्यांनी काढलं. काढून स्विच मारला. मला मारायला बघत होते." बाबा म्हणाले, बोर्ड रिकामा होता. दुसरं काहीच नाही, तेवढंच तीनदा म्हणाले, आणि घोंगडी आणायला मागच्या दारानं आत गेले. आणि मी, ह्या म्हाताऱ्याची लाडकी लेक, मलाही वाटलं की काढलं असणार. का नाही काढणार?

मी माझ्या गाडीची किल्ली आणि हाताला गुंडाळायला धुतलेलं धोतर घ्यायला स्वयंपाकघरात गेले. आई मोरीपाशी पाटावर बसली होती. समोर पितळी परातीत चिंचेचं पाणी, त्यात समई, घंटा, ताम्हन, निरांजन. उद्याच्या लक्ष्मीची भांडी. आणि त्यांच्यामध्ये पाच टोकनं, चार मळकट आणि एक घासून लख्ख.

आईच बोलली. म्हणाली की पितळ सगळं एकदम घासून टाकावं म्हटलं. चार खुंटीवर होती, एक बोर्डावर दिसलं. तो सकाळचा विसरून गेला असेल, गाडी तर गेलेली पाहिली होती मी. घासून लावणारच होते परत.

म्हटलं, ऊठ. बाहेर जाऊन हे सांग. तो बाबांना खुनी म्हणून राहिला आहे.

"नाही," आई म्हणाली. "मारतील ते मला."

मी म्हटलं, नाही मारणार, चार दिवस नाही मारलं. सांगितलं नाहीस तर तो आत्ता जाईल तो कायमचा जाईल.

"जाऊ दे," आई म्हणाली. "सुटेल तरी."

आणि पुन्हा समई उचलून घासायला लागली. बाहेर तिचा पोरगा जळालेला हात घेऊन थरथरतो आहे आणि ही समई घासते आहे. माझं डोकं फिरलं. मी तिच्या थोबाडीत मारली. पूर्ण हातानं, जोर लावून. सत्तरीला आलेल्या बाईच्या. समई फरशीवर गडगडत गेली. आईनं फक्त दोन्ही कोपरं वर घेतली आणि डोकं त्यांच्यामध्ये लपवलं, दुसरा बसायच्या आधी. ते कसं करायचं ते तिला चांगलं येत होतं. मी लहानपणापासून पाहत आले होते, फक्त इतक्या जवळून आणि ह्या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं कोपरं खाली घेतली, हात धुतले, पदर सारखा केला आणि बाहेर गेली. मी मागोमाग. खाटेपाशी उभं राहून ती म्हणाली, टोकन मी काढलं, घासायला, ह्यांची काही चूक नाही. पाठ केल्यासारखं बोलली.

दादा तिच्या तोंडाकडे पाहत होता. डाव्या गालावर चार बोटं उठली होती, तांबडीलाल. तेवढ्यात बाबा घोंगडी घेऊन घराच्या आतूनच बाहेर आले.

"कोणी मारलं?" दादानं आईला विचारलं.

आई जमिनीकडे पाहत राहिली. बाबांनी तिचा गाल पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण त्यांना कळलं. आयुष्यभर ज्यानं तेच केलं, त्याला नाही कळणार तर कोणाला? माझी पोरगी खाटेच्या पायथ्याशी मामाचा बूट छातीशी धरून उभी होती. त्यांनी तिच्याकडेही पाहिलं.

"मी मारलं," बाबा म्हणाले. "काय करून घेशील?"

मी तोंड उघडलं. तेवढं मला आठवतं, की तोंड उघडलं होतं. त्यातून काही बाहेर आलं नाही.

फाटकातल्या बोऱ्या सारून मी दादाला गाडीत घालून पुलापलीकडे गढ्याला डॉक्टरकडे नेलं. पुलावर ट्रकांची रांग लागली होती, वीस मिनिटं नर्मदेवर उभे होतो. तो दुखण्यानं घामाघूम झाला होता आणि तरी बोलत होता. अट मोडली म्हणाला. तिला मारून खोटं वदवून घेतलं म्हणाला, स्वतःचा जीव वाचवायला, आणि बिचारी कसं पोपटासारखं बोलली. मी त्याला विचारलं नाही की तुला हे खरंच वाटतं का. त्यानंच मला विचारलं.

"तू आत होतीस ना? तुझ्यासमोर मारलं ना?"

मी हो म्हटलं.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. आठवड्याभरानं तो नागपूरला गेला, शेतावर पाय न ठेवता. अजून आलेला नाही. आई फोन करते तर उचलतो, बाबांचं नाव निघालं की ठेवतो. तार बाबांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः काढली, गुंडाळी करून विहिरीत टाकली. तेवढ्यानं ते काही देव झाले नाहीत. संक्रांतीला आईच्या अंगावर गरम वरणाचं पातेलं फेकलंच, त्याचा डाग तिच्या मानेवर आहे. मी त्यांना संत म्हणत नाही. पण एकदा, आम्ही दोघंच बांधावर असताना, मी विषय काढला. म्हटलं, दादाला सांगून टाकते. ते विळ्यानं गवत कापत राहिले.

"गप्प बस," म्हणाले. "तुझी पोरगी उभी होती तिथं. मला काय, माझं नाव खराबच आहे."

म्हणजे नातीच्या डोळ्यांत तिची आई राहावी म्हणून त्यांनी आपला पोरगा घालवला. हे ओझं मी चार वर्षं वाहिलं, आणि एवढं तरी वाचलं म्हणून स्वतःची समजूत काढत आले.

पोरगी आता पंधराची आहे. मराठी समजतं तिला सगळं, बोलते हिंदीच. गेल्या महिन्यात आम्ही स्वयंपाकघरात मटार सोलत होतो. मामाला वाढदिवसाचा फोन नुकताच करून झाला होता, आणि मी सवयीनं म्हटलं की आजोबांनी तेव्हा हात आवरला असता तर मामा आज इथं असता. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. शेंग मोडली, दाणे वाटीत टाकले.

"मम्मी, मैं दरवाज़े पर थी," ती म्हणाली. "चाबी लेने आई थी. आजी को आपने मारा था. मामा को कब बताओगी?"